कडी कोणी काढली

कादंबरी परत आली. नाकारून परत आली असती तर स्टेनोबाई दोन दिवस रडल्या असत्या, संपादिकेच्या नावाने बोटं मोडली असती आणि मोकळ्या झाल्या असत्या. पण ही आली होती दुरुस्तीला. वर संपादिकेची चिठ्ठी होती. 'ताई, पुस्तक काढायचं नक्की आहे. पण गच्चीचा प्रसंग पटत नाही. का पटत नाही ते मलाही नीट सांगता येत नाही, काहीतरी खोटं वाटतं. बाकीच्या बारीकसारीक चुकाही एकदा बघून घ्या. महिनाअखेरीस द्या, नाहीतर मग पुढच्या वर्षी पाहू.'

खोटं! स्टेनोबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. बाकी कशालाही खोटं म्हणा, पण गच्चीचा प्रसंग? तो तर त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात घडलेला. बरं, पुढच्या वर्षी पाहू म्हणे! पुढचं वर्ष कोणी पाहिलंय? बाबा नव्वदीला टेकलेले. त्यांची नजर पार गेलेली. मुलीने घरावर पुस्तक लिहिलंय हे कळल्यापासून त्यांनी एकच धोशा लावला होता, 'कधी ऐकवतेस? मला वाईट दाखवलं असशील तरी चालेल, पण लवकर ऐकव.'

आणि ते ऐकवणार होता दादा. म्हणजे बाईंचा थोरला भाऊ. पंपघरातली नोकरी संपवून घरी बसल्यापासून तो बाबांचं सगळं बघायचा, आणि रोज दुपारी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. जन्मभर चार शब्द सलग न बोललेला माणूस, पण बाबांसाठी अख्खा अग्रलेख मोठ्याने वाचायचा! पुस्तक तयार झालं की तेही त्यानेच वाचायचं, हे घरात न बोलता ठरलेलं होतं. आता हे आधीच सांगून टाकतो, कारण सगळं घोडं इथेच पेंड खात होतं: त्या पुस्तकात दादा नव्हता. घर होतं, आई होती, बाबा होते, धाकटी म्हणजे बाई स्वतः होत्या, शेजारीपाजारी होते. दादा नव्हता. तो वाचत जाणार, पान उलटत जाणार, आणि आपण कुठेच नाही हे त्याला स्वतःच्याच तोंडाने बाबांसमोर कळणार. पुस्तकाची बातमी फुटल्यावर मामीपासून दूधवाल्यापर्यंत प्रत्येकाने विचारलं होतं, 'मी आहे ना त्यात?' दादाने तेवढं विचारलं नव्हतं. बाईंना तेच जास्त टोचत होतं.

बाई कोर्टात लघुलेखिका होत्या. वकील बोलले, उतरवलं. साक्षीदार बोलला, उतरवलं. न्यायाधीश खोकले, तेवढं सोडलं. तिथला नियम साधा, तोंडाने बोललं जातं तेच कागदावर येतं. साक्षीदाराने नुसती मान हलवली की न्यायाधीश सांगणार, 'तोंडाने बोला, मान लिहून घेता येत नाही.' हे वाक्य बाईंच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की घरी नवऱ्यालाही त्या तेच ऐकवत. नवरा बिचारा मान हलवणाऱ्यांपैकीच. घरं बांधणाऱ्यांच्या ऑफिसात नकाशे काढायचा. रेघेवर त्याचा जीव, शब्दाशी जेवढ्यास तेवढं.

तर रविवारी सकाळी बाईंनी जेवणाच्या टेबलावर बाड पसरलं, लाल पेन्सिल घेतली आणि डोळ्यात तेल घालून वाचायला सुरुवात केली. स्वतःच्या चुका स्वतःला दिसत नाहीत असं लोक म्हणतात, पण त्या दिसायला लागल्या की थांबतही नाहीत. शेजारच्या आजी तिसऱ्या प्रकरणात वारल्या होत्या आणि नवव्या प्रकरणात वाटीभर साखर मागायला आल्या होत्या. आल्या ते आल्या, वर साखर कमी दिलीत म्हणून कुरकुरल्याही होत्या. डॉक्टरांना कधी मिशा होत्या, कधी नव्हत्या. प्रत्येक प्रकरण सकाळी उजाडत होतं, जणू त्या घरात दुपारी काही घडायला बंदी होती. 'एकदम' हा शब्द तर असा पेरलेला की बाईंनी पहिल्या वीस पानांतले खोडले आणि हात टेकले. एका ठिकाणी आईला रडू आलं होतं, ती पदराने डोळे टिपत होती, आवाज चिरकत होता, आणि त्याखाली बाईंनी इमानेइतबारे लिहून ठेवलं होतं, 'तिला फार वाईट वाटले.' अगं बाई, मग डोळे काय हौसेने टिपत होती?

पण सगळ्यात मोठी गंमत होती बोलण्याची. सगळी माणसं साक्षीला उभी केल्यासारखी बोलत होती. आई विचारते, भूक लागली का? तर सात वर्षांची पोर म्हणते, 'होय, मला सकाळपासून भूक लागलेली आहे.' कोणी नुसतं मान हलवत नाही, कोणी खांदे उडवत नाही, कोणी रागाने गप्प बसत नाही. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. इतर लेखकांच्या गोष्टींत माणसं उठसूट माना डोलावतात म्हणून ओरड असते, इथे अख्ख्या कादंबरीत एक मान हलली नव्हती!

"अहो, ऐका तरी," म्हणून त्यांनी ते नवऱ्याला वाचून दाखवलं. तो हसला. मग त्याने हात पुढे केला. आतापर्यंत बाईंनी त्याला बाड वाचू दिलं नव्हतं, पूर्ण झाल्याशिवाय नाही म्हणून. आता लाज उरलीच नव्हती. त्यांनी अर्धे कागद त्याच्याकडे सरकवले.

तो वाचत बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "पुढच्या खोलीत फार गर्दी झालीय."

"म्हणजे?"

"मामा आले ते गेलेच नाहीत. विमावालाही तिथेच आहे. मास्तर अजून खुर्चीवर. माणसं आत येतात ती लिहिलीयस, बाहेर जातात ती नाही."

खरंच की! कोर्टात साक्षीदार आला की पुकारा होतो, त्याची नोंद होते. जाताना कोण नोंद करतो? बाई पोट धरून हसल्या. नवऱ्याने मात्र उठून आपला मोठा कागद, पट्टी आणि पेन्सिल आणली. "थांब, मी घर काढतो. मग कोण कुठे बसलंय ते कळेल."

आता हा माणूस असा की एखाद्या कामाला हात घातला की जेवण विसरेल. तो पान उलटायचा, एखादं वाक्य दोनदा वाचायचा, एक रेघ मारायचा. बाईंना आधी मजा वाटली, मग उत्सुकता वाटायला लागली. आपण शब्दांत बांधलेलं घर कागदावर उभं राहत होतं. ही पुढची खोली, रस्त्याला लागून. हे मागे स्वयंपाकघर. पुढच्या खोलीच्या कोपऱ्यातून जिना निघाला, अर्ध्यावर वळला आणि गच्चीच्या दाराशी गेला. बाई टेबलावर कोपरं टेकून बघत राहिल्या. दाराची बाजू एके ठिकाणी डावी होती, एके ठिकाणी उजवी. स्वयंपाकघराची खिडकी एकदा गल्लीकडे उघडत होती आणि एकदा चक्क शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात. प्रत्येक वेळी नवरा नुसता वर बघायचा आणि बाई ओरडायच्या, "गल्लीकडे, गल्लीकडे!"

मग त्याने दुसरा कागद घेतला आणि घर उभं कापल्यासारखं काढलं. केक कापल्यावर आतले थर दिसतात ना, तसं. आणि तिथे तो अडला.

"अगं, आई हात वर करून स्वयंपाकघराच्या छताला डाव अडकवते असं लिहिलंयस."

"अडकवायचीच. ठेंगणं छत होतं ते."

"आणि पुढच्या खोलीत बाबा स्टुलावर चढले तरी पंख्याला हात पोचत नाही."

"ती उंच होती."

"दोन्हींच्या वर गच्ची एकच. सपाट. तू तिच्यावर सायकल फिरवतेस."

"हो, मग?"

"मग स्वयंपाकघराच्या वर आणि गच्चीच्या खाली काय आहे?"

त्याने पेन्सिलीचं टोक त्या जागी ठेवलं. एक रिकामी चौकट होती. जिन्याच्या वळणाला चिकटून.

बाई त्या चौकटीवर वाकल्या.

"शिवाय जिन्याच्या वळणावर 'कुठूनसा उजेड यायचा' असं आहे. वळणावर खिडकी नाही. उजेड आला कुठून?"

"खोली होती तिथे," बाई म्हणाल्या. "बुटकी. दार वळणावर उघडायचं."

"कोणाची?"

"दादाची."

नवऱ्याची पेन्सिल थांबली. "दादा कुठे आहेत यात? मला अजून भेटलेच नाहीत."

मग बाईंना सांगावं लागलं. पहिल्या खर्ड्यात दादा होता. पानापानावर होता, पण त्याच्या तोंडी एक वाक्य नव्हतं. लहानपणी तो बोलायचाच नाही. बोलायला तोंड उघडलं की बाबा म्हणायचे, 'झालं का सुरू?' आणि ते सुरू होण्याआधीच संपायचं. पुढे त्याने तोंडाला कुलूपच घातलं. मग बाई एका लेखन शिबिराला गेल्या. तिथल्या मार्गदर्शकांनी ठासून सांगितलं, जे पात्र बोलत नाही आणि काही घडवत नाही, ते पात्र नव्हे, फर्निचर. फर्निचर बाहेर काढा, गोष्ट ऐसपैस होते. बाईंनी घरी येऊन दादाला काढला. काढताना त्रासही झाला नाही, त्याच्यावाचून कुठे काय अडणार होतं? एकही संवाद खोडावा लागला नाही.

नवऱ्याने वाचलेली पानं पुन्हा चाळली आणि एकेका जागी बोट ठेवत गेला. 'सकाळी टाकी भरलेली असे.' 'बाबांचे बूट दारात चकाकत असत.' 'संध्याकाळी दिवा लागला.' 'सायकलचे पंक्चर निघाले होते.'

"मला वाटलं तुमच्या घरात भूत होतं," तो म्हणाला. "सगळं आपोआप होतंय."

बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. माणूस काढला होता, पण त्याची कामं पुस्तकात तशीच राहिली होती. टाकी कोण भरायचं? दादा. बूट? दादा. दिवा? त्यांना स्वतःचाच राग आला. फर्निचर म्हणे!

"घालते त्याला परत," त्या म्हणाल्या. "पण त्याने गच्चीचा प्रसंग कसा सुधारणार? तिथे तो नव्हताच."

तो प्रसंग असा. धाकटी सात वर्षांची. घरी बाबांचे साहेब आलेले. पोरीच्या जिभेला हाड नाही, आणि ऐकलेलं जसंच्या तसं सांगायची खोड तेव्हापासूनची. तिने साहेबांना सांगितलं, 'बाबा म्हणतात तुम्हाला अक्कल कमी आणि पगार जास्त.' साहेब गेले. बाबांनी पोरीला दंडाला धरून गच्चीवर नेलं, बाहेर ढकललं, आतून कडी घातली आणि जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसले. 'कोणी वर जायचं नाही!' दिवस कलला, वारं सुटलं, पोर दाराला पाठ लावून थरथरत बसली. आणि मग हळूच कडी निघाली. दार ढकललं गेलं. पलीकडे कोणी नव्हतं, नुसता अंधार. पोर आत येऊन वरच्या पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिली. ताटं मांडली गेली तेव्हा बाबांनी विचारलं, 'कडी कोणी काढली?' आणि आई म्हणाली, 'मी.' बाबा काही न बोलता जेवायला बसले. आईच्या त्या 'मी'वर बाईंनी अख्खी कादंबरी उभी केली होती.

नवऱ्याने ते पान वाचलं. नकाशाकडे पाहिलं. पुन्हा पान वाचलं. "आई वर गेली कुठून?" त्याने विचारलं.

"जिन्याने. आणखी कुठून?"

"जिन्याच्या पायथ्याशी बाबा."

"उठले असतील ते मधे."

"तूच लिहिलंयस, ताटं मांडेपर्यंत जागचे हलले नाहीत. त्यांचं खोकणं तुला वर ऐकू येत होतं."

येत होतं. ते खोकणं बाईंना आत्ताही ऐकू आलं असतं. "मग आई त्यांच्या मागून गेली असेल, हळूच," त्या म्हणाल्या, पण आवाजात दम नव्हता.

नवरा उठला. त्याने जेवणाची एक खुर्ची उचलली आणि दार उघडून बाहेर निघाला. "चल, बघू."

त्यांच्या इमारतीचाही जिना अर्ध्यावर वळत होता. नवरा तळमजल्यावर पायथ्याशी खुर्ची टाकून बाबांसारखा बसला, हाताची घडी घालून. बाई चपला काढून भिंतीला चिकटून त्याच्या शेजारून वर जायला निघाल्या. "दिसलीस," तो म्हणाला. त्या मागून आल्या. "दिसलीस." मग त्याने डोळे मिटले, तरी म्हणाला, "ऐकू आलीस." तेवढ्यात समोरच्या घरातल्या बाई पिशवी घेऊन बाहेर आल्या, आणि चोरपावलांनी जिना चढणाऱ्या, पन्नाशी उलटलेल्या स्टेनोबाईंकडे बघतच राहिल्या. "व्यायाम," स्टेनोबाई म्हणाल्या. शेजारीण मान हलवून गेली.

मग बाई वळणावर जाऊन उभ्या राहिल्या.

"आता दिसते का?"

"नाही."

त्या तिथून वर चढत गेल्या, गच्चीच्या दारापर्यंत. "आता?"

"नाही," खालून नवऱ्याचा आवाज आला. "काहीच नाही. ऐकूही नाही आलं."

बाई वरच्या पायरीवर बसल्या. वळणावरूनच वर जायचं असेल तर बाबांच्या समोरून जावं लागत नाही. वळणावरच्या खोलीत आधीपासून कोणी असेल तर. आणि त्या खोलीत एकच माणूस असायचा. इतकी वर्षं कोर्टात बसून त्यांनी शेकडो साक्षीदारांची उलटतपासणी उतरवून घेतली होती. 'तुम्ही तिथे होता तर दिसला कसा नाहीत?' हे त्यांनी डोळे मिटून लिहिलं असतं. पण आईची साक्ष त्यांनी एक प्रश्न न विचारता मान्य करून टाकली होती. आणि संपादिकेला, जिने ते घर कधी पाहिलंही नव्हतं, नुसतं वाचून ते खोटं वाटलं होतं.

दुपारी त्यांनी दादाला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलण्यात अर्थ नव्हता, त्याच्याशी इकडचं तिकडचं बोलताच येत नसे. त्यांनी सरळ विचारलं, "दादा, मला गच्चीवर कोंडलं होतं तेव्हा कडी तू काढलीस का?"

पलीकडे शांतता.

"दादा, मान हलवू नकोस, फोनवर दिसत नाही. तोंडाने बोल."

"हो," दादा म्हणाला. "थांब जरा, बाबा झोपलेत, बाहेर येतो." दार ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "मी काढली."

"कशी? ती कडी केवढी करकरायची!"

"तेल लावलं. डोक्याचं. बाटली खोलीतच होती. ते मुरेपर्यंत थांबलो, म्हणून उशीर झाला. तू बाहेर रडत होतीस, ऐकू येत होतं. पण घाई केली असती तर आवाज झाला असता."

उशीर झाला म्हणे. जणू काल घडलं होतं आणि तो माफी मागत होता. तोच पुढे म्हणाला, "मग खोलीत परत गेलो. जेवताना बाबांनी विचारलं तेव्हा मी सांगणार होतो. आईने टेबलाखालून पाय दाबला माझा."

"मला का नाही सांगितलंस कधी? इतकी वर्षं?"

"तू विचारलं नाहीस."

खरं होतं. त्यांनी त्याला कधी काहीच विचारलं नव्हतं. हा काय बोलणार, असं गृहीत धरलं होतं. मग बाई रडल्या, अगदी हुंदके देऊन, आणि रडता रडताच त्यांनी सांगून टाकलं की दादा, मी तुला पुस्तकातून काढून टाकलं होतं. तू बोलत नाहीस म्हणून.

दादा म्हणाला, "बरं झालं असतं की. मला तेवढं वाचायला कमी."

बाई रडता रडता हसल्या. "गप रे! घालतेय मी तुला परत. सगळीकडे. पण मग हा प्रसंग तुलाच मोठ्याने वाचावा लागेल. बाबांसमोर. तुला नको असेल तर आत्ता सांग, मी आईचंच ठेवते. पुस्तक राहिलं तर राहिलं."

पलीकडे आतून बाबांच्या खोकण्याचा आवाज आला, तोच तो, फक्त म्हातारा झालेला.

"पाठव," दादा म्हणाला, आणि बाबांना पाणी द्यायला गेला.

पुढचे दिवस बाईंनी कोर्टातून आल्यावर दुसरं काही केलं नाही. दादाला परत घालणं काढण्याइतकं सोपं नव्हतं. त्याच्या तोंडी वाक्यं घालून पाहिली, ती खोटी वाटली, खोडली. मग त्यांनी त्याला गप्पच ठेवला आणि त्याचे हात लिहिले. टाकी भरणारे, बूट पुसणारे, दिवा लावणारे. आणि काय सांगू, त्याच्याभोवतीची बाकीची माणसंही सुधारली. आई आता न बोलता टेबलाखालून पाय दाबत होती. पोरीला भूक लागली की ती नुसती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहत होती. मामा पान संपायच्या आत घरी जात होते. शेजारच्या आजींना मात्र बाईंनी मेलेलंच ठेवलं, तिथे इलाज नव्हता. नवऱ्याने रिकाम्या चौकटीत एक खाट काढली, एक खिडकी काढली आणि नकाशा घडी करून कपाटात ठेवला.

संपादिकेने दोनच दिवसांत फोन केला. "ताई, हा मुलगा कुठे होता इतके दिवस?" ती म्हणाली. पुस्तक याच वर्षी निघणार होतं. बाईंचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. छापून यायची वाट न बघता त्यांनी नव्या प्रतीचं एक बाड दादाला पाठवलं होतं, आणि त्याचा काही निरोप नव्हता. बाईंनी स्वतःहून फोन केला नाही. हातात घ्यायच्या आणि खाली ठेवायच्या. वाचलं असेल का? तिथवर पोचला असेल का? की ते पान गाळून पुढे गेला असेल? तोही एक मार्ग होता, आणि बाबांना कळलंही नसतं.

फोन आला तो दादाचाच आला. ही गोष्टच नवलाची, तो स्वतःहून कधी करायचा नाही.

"वाचलं," तो म्हणाला.

"गच्चीचं?"

"हो."

"अरे, मग? सगळं सांग. तोंडाने."

दादाने खाकरून घसा साफ केला. "वाचत होतो. 'थोरल्याने कडी काढली' असं आलं. बाबांनी थांबवलं मला. म्हणाले, कोणी काढली? मी परत वाचलं, थोरल्याने. म्हणाले, ते ऐकलं मी. कडी कोणी काढली?"

"मग?"

"मग मी कागद खाली ठेवले. म्हटलं, मी, बाबा. मी काढली."

"आणि ते?"

"खोकले. मग म्हणाले, जिना माझ्या समोरच होता. पुढे वाच."